सगुणचं रक्त, माझा ढोल

शिगमो संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या गावातल्या धडधाकट माणसांचं रक्त काढलं.

सगुण, ही गोष्ट तुला पाठ होती. तरी घरी कुणी नवा पाहुणा आला की तू ती मला पहिल्यापासून सांगायला लावायचास, आणि एखादा तपशील मी गुपचूप गाळला की मध्येच थांबवून वसूल करायचास. आता थांबवायला तू नाहीस. म्हणून आज मी आपणहून काही गाळणार नाही. बघ, तू गेल्यावर मला केवढा प्रामाणिकपणा सुचलाय.

मी रक्तात मनाचे आजार शोधणारा माणूस. साखर जशी रक्तात दिसते, थायरॉईड दिसतो, तशी उन्मादाची किंवा खोल खिन्नतेची काही खूण रक्तात दिसेल का, हे आमची प्रयोगशाळा शोधते. माझ्या नावामागे डॉक्टर आहे, पण तो रसायनशास्त्राचा. तुमच्या पेडण्याकडच्या त्या गावात मी हे प्रत्येकाला समजावून सांगितलं, आणि प्रत्येकाने समजल्यासारखी मान डोलावून मला आपला गुडघा दाखवला.

आजारी माणसांचं रक्त दवाखान्यातून मिळत होतं. पण तुलनेला धडधाकट माणसं लागतात, आणि धडधाकट माणूस सुई बघितली की सापडत नाही. कुणाला काजूच्या बागेत जायचं असतं, कुणाला म्हापशाची बस गाठायची असते. तेव्हा मी डोकं चालवलं. शिगमोचा, म्हणजे आमच्याकडच्या शिमग्याचा, ढोलताशांचा मेळ जिथे उभा राहतो त्या मांडावर, शेवटच्या दिवसानंतर, सगळा गाव सकाळी रेंगाळलेला असतो. कुणालाच कामावर जायचं नसतं. एवढी निरोगी माणसं एका जागी मला एरवी कधी मिळाली असती? मी टेबल मांडलं, सुया मांडल्या, आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो.

ती माणसं कितीतरी रात्री झोपली नव्हती, हे मला दिसलं नाही. हाताला फोड आलेले होते, खांदे सुजलेले होते, डोळे लाल होते, आणि काहींच्या श्वासाला फेणीचा वास होता. एकाला तर खुर्चीवर बसवताच त्याने घोरायला सुरुवात केली, आणि मी मनात म्हटलं, किती शांत स्वभावाची माणसं आहेत ही.

रांगेत तू शेवटचा होतास. आंघोळ केलेला, भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट. मी तुला विचारलं, धडधाकटांत नाव घालू ना? तू म्हणालास, "माका आजारीत घाल. माजी गोळी चालू आसा." असं स्वतःहून, चारचौघांत सांगणारा तू मला भेटलेला पहिला माणूस. मग तू डावा हात पुढे केलास. मी उजवा मागितला, तर म्हणालास, उजवा ढोलाचा, त्यातलं रक्त वेगळं असतं. मी म्हटलं, रक्त सगळीकडे एकच. तू विचारलंस, "तू आत जावन बघितलंस?"

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. दोन्ही हातांचं काढ आणि ताडून बघ, असं तू दर वर्षी म्हणायचास, आणि दर वर्षी मी तुला अडाणी म्हणायचो. साधी गोष्ट होती. एकदा काढून बघायला माझं काय जात होतं?

त्या सकाळी तू एवढा ताजातवाना का होतास, ते मला पुढे कळलं. पूर्वी तू पाळी गावच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचास. तेव्हाच्या एका शिगमोत मेळ संपला, ढोल उतरले, गाव झोपलं, आणि तू वाजवतच राहिलास. देवळामागे वाजवलंस, रस्त्यावर वाजवलंस, मग पाळीला जाणाऱ्या ट्रकच्या टपावर बसून वाजवलंस. तू हे सांगताना एवढा हसायचास की ऐकणाऱ्याला वाटावं, काय धमाल झाली असेल. शेवंतीवहिनी मात्र त्या वेळी उठून आत जायच्या. इस्पितळात आजाराचं नाव ठरलं, गोळ्या सुरू झाल्या, खाण बंद पडली, तू गावी येऊन पंक्चर काढायचं दुकान टाकलंस. सगळं पुन्हा नीट झालं. एक सोडून. मांडावर ढोलाचा पहिला ठोका तुमच्या घराचा. आजोबांपासूनचा तो मान गावाने तुझ्याकडून काढून तुझ्या चुलतभावाला, रामाला दिला. त्यानंतर दर शिगमोला वहिनी तुला घेऊन डिचोलीला माहेरी जाऊन राहायच्या. ढोलाचा आवाज कानावर पडू नये एवढ्याचसाठी. त्या सकाळी तू तिथून पोटभर झोप काढून, मेव्हण्याकडचा चहा पिऊन आला होतास.

मला तुझ्याकडून रक्त हवं होतं, आणि तुला माझ्याकडून आकडा. हे तू पहिल्याच भेटीत साफ सांगितलंस. दुकानात हवा मोजायचं ते यंत्र टायरला लावून दाखवलंस. काटा वर गेला, मी आकडा वाचला, तू म्हणालास, असं एक माझ्यासाठी बनव. मेव्हण्याची साखर किती, हे डिचोलीतल्या सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ. लग्नात त्याला कुणी लाडवाचा आग्रह करत नाही, वर कौतुक, की बघा कसा सांभाळतो. "आणि माका म्हणतत, मनावर घेव नको. अरे, मी मनावर घेतलंय, तर मेवण्यान साखर मागून घेतल्यान काय?" तुला आकडा हवा होता तो मांडावर नेऊन ठेवायला. आबांना, म्हणजे तुमच्या सगळ्यात वडील गावकारांना, दाखवायला. हा बघा काटा, जागेवर आहे, आता माझा ढोल मला द्या.

आणि मी गाढवासारखा तो आकडा तुला दिला.

झालं असं की नमुन्यांचे निकाल आले तेव्हा रक्तातल्या सुजेच्या, म्हणजे दाहाच्या, खुणांचे दोन गट इतके स्वच्छ वेगळे पडले होते की मी आनंदाने प्रयोगशाळेत पेढे वाटले. एका गटाचं रक्त शांत, दुसऱ्याचं खवळलेलं. एवढा सुंदर आलेख माझ्या आयुष्यात निघाला नव्हता, पुढेही निघाला नाही. मग कोण कुठल्या गटातला, ते उघडून बघितलं. खवळलेलं सगळं रक्त तुमच्या गावचं, धडधाकटांचं. शांत रक्त आजाऱ्यांचं, आणि त्यात सगळ्यात शांत तुझं. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या वरिष्ठ, पेढा खाता खाता थांबल्या आणि त्यांनी विचारलं, रक्त कुठल्या दिवशी काढलं होतं? मी तारीख सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. उरलेला अर्धा पेढा त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला.

मला तेव्हा तोंड लपवायला जागा हवी होती, तर मी तुझ्या दुकानात आलो. वाटलं, तुला हसवावं, म्हणजे आपल्यालाही हसता येईल. कुणाचा निकाल कुणाला सांगायचा नसतो, हा आमचा नियम विसरून मी तुला म्हटलं की गंमत बघ, अख्ख्या गावात तुझंच रक्त सगळ्यात चांगलं निघालं. पुढे मी कारणही सांगत होतो, जागरणाचं, थकव्याचं. पण तुझे कान पहिल्या वाक्यानंतर बंद झाले होते. तू हातातला टायर भिंतीला टेकवलास, हात पुसलेस, आणि दुकानाला कुलूप लावून सरळ आबांकडे गेलास.

पुढच्या शिगमोच्या आधी मांडावर जी बैठक बसली, तिला मला बोलावणं आलं. बोलावणं कसलं, समन्स. गावात हाहाकार होता. रक्त दिलेला प्रत्येक जण आपण पिसा, म्हणजे वेडा, ठरणार अशी तयारी करून आला होता. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, मुलीची सोयरीक ठरलीय, मुलाकडच्यांना सांगावं लागेल का? रामा तर कुणाशी बोलेना. आबांनी मला समोर उभं केलं.

"म्हणजे आमी सगळे पिसे आणि सगुण बरो?"

मी सगळं सांगितलं. म्हटलं, आबा, तुम्ही कुणीच आजारी नाही, तुम्ही फक्त झोपला नव्हता. मी चुकीच्या दिवशी रक्त काढलं. त्या निकालाला काही अर्थ नाही. तुम्हाला वाईट म्हणायला अर्थ नाही, आणि सगुणला बरा म्हणायलाही नाही. हे शेवटचं वाक्य बोलताना मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. पण तू माझ्या डाव्या बाजूला होतास आणि तुझा श्वास बदललेला मला ऐकू आला.

आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "शिगमो संपल्यार हो थांबतलो काय नाय, असा सांगणारा यंत्र आसा तुज्याकडे?"

"नाही, आबा."

"येतला कधी?"

"माहीत नाही."

आता तू मला दोन शिव्या घालून निघून जाशील असं मला वाटलं. तू उभा राहिलास. आवाज चढला नाही.

"आबा, मान एका ठोक्याचो. माका तो एकच दी. मागीर ढोल माज्या गळ्यातसून काढून घेवा."

"आणि तू दिलंय नाय तर? कोण काढतलो?"

तू माझ्याकडे बोट केलंस. "हो काढतलो. घोळ ह्येणा घातलो, निस्तरतलो पण होच."

सगळे हसले, आबासुद्धा, आणि हसण्याच्या भरात ठरून गेलं. तुला एक ठोका, आणि ढोल उतरवायची जबाबदारी माझी. मी घरी जाऊन आरशासमोर कठोर चेहऱ्याचा सराव केला. तू नाही म्हणालास तर काय करायचं? झटापट करायची? तुझे दंड ट्रकवाल्याचे, माझे पिपेट धरणाऱ्याचे.

त्या शिगमोला वहिनी डिचोलीला गेल्या नाहीत. मांडाच्या कडेला बायकांत उभ्या होत्या, पदर मुठीत. नमन झालं. रामाने स्वतः ढोल तुझ्या गळ्यात घातला, हे मला तू कधी विसरू दिलं नाहीस, आणि मीही विसरणार नाही. तू काठी उचललीस आणि एकच ठोका दिलास. असा की झाडावरचे कावळे उठले. काठी पुन्हा वर गेली. सगळा मांड श्वास धरून. मी पुढे झालो, सराव केलेला कठोर चेहरा विसरलो, आणि फक्त हात पसरले. तू काठी खाली आणलीस. माझ्या हातात ठेवलीस. ढोल काढलास आणि माझ्या गळ्यात घातलास.

माझी कामगिरी फत्ते झाली म्हणून मी ढोल जमिनीवर ठेवायला वाकलो, तर गाव एका आवाजात ओरडलं. मांडावर वाजलेला ढोल देवळापर्यंत जमिनीला लागत नाही, आणि ज्याच्या गळ्यात आहे त्याने वाजवल्याशिवाय मेळ पाऊल उचलत नाही. ही गोष्ट मला तू सांगितली नव्हतीस. विसरलो, असं तू नंतर म्हणालास. तुझ्या चेहऱ्यावरून मला ते तेव्हाही खरं वाटलं नव्हतं.

मग मी वाजवला. त्याला वाजवणं म्हणतात असं नाही. ताशेवाले माझा ताल शोधत मागे येत होते, मोठ्या झांजा वाजवणाऱ्या कासाळेवाल्यांनी तो शोधायचंही सोडून दिलं, आणि साऱ्या गावाचा मेळ पहिल्यांदाच लंगडत निघाला. तू माझ्या शेजारी चालत माझ्या पाठीवर बोटांनी ठेका देत होतास आणि कानात ओरडत होतास, "आता! आता नाय! आता!" शेताच्या बांधावर माझा पाय घसरला आणि मी गुडघाभर चिखलात गेलो, पण ढोल वर धरून गेलो. जमिनीला लागू दिला नाही. आयुष्यात मी एक नियम पाळलाय, तो हाच. तुमच्या दारात वहिनी ओवाळायला आल्या आणि त्यांना इतकं हसू आलं की निरांजन विझलं, पुन्हा लावावं लागलं.

पण खरी परीक्षा अजून व्हायची होती. मेळ संपला, ढोल टांगले गेले. तू जेवलास. वहिनी दारात उभ्या राहून तुझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. तू ओसरीवर चटई टाकलीस, कूस बदललीस, आणि झोपलास. भर दुपारी, मागच्या घरातून हौशी पोरं ताशा बडवत असताना. वहिनी दारातून हलल्या. आत जाऊन त्यांनी मला पुन्हा वाढलं, मी नको नको म्हणत असताना, आणि बराच वेळ वाढतच राहिल्या.

त्यानंतर दर शिगमोला हेच. ठोका तुझा, पुढची फरफट माझी. तू म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मला सरावाला एक छोटा ढोल आणून दिलास, तो आमच्या घरी माळ्यावर आहे, का ते तू ओळखशील.

हे सगळं कायमचं गोड झालं असं मी इथे लिहिलं तर तू उठून येशील. नाही झालं. एका पावसाळ्यात आजार उलट्या अंगाने आला, ढोलाशी काही संबंध नसताना. दुकान बंद, बोलणं बंद. मी आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. मला बघून तू उठला नाहीस, फक्त हात पुढे केलास. उजवा. "काढ," म्हणालास. माझ्याकडे सुई नव्हती. मी तो हात धरून बसलो.  त्यानंतर तू हळूहळू वर आलास, गोळ्यांनी, वहिनींनी, काळाने. त्या हाताबद्दल आपण कधी बोललो नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी हे काम का करतो, आणि ते तुला सांगायचं मी पुढे ढकलत गेलो.

आपला मोठा वाद वेगळाच होता. मी म्हणायचो, समजा उद्या तुझा आकडा सापडला. मग तुला कसा आहेस म्हणून कुणी विचारणार नाही. कागद बघतील आणि जातील. तू म्हणायचास, "बघूंदेत. आता खंय बघतत?"  खूण अजून सापडलेली नाही. रोज नवा पदार्थ पुढे येतो, आशा लावतो, दुसरीकडे तपासला की विरघळतो. मी आता रक्त काढण्याआधी माणसाला विचारतो, झोपलास का, जेवलास का, गावात काल काय होतं. प्रयोगशाळेतली तरुण मंडळी ही माझी पद्धत गंभीरपणे लिहून घेतात. ती कुठून आली, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तू गेलास तो छातीने. डोक्याचा त्यात काही संबंध नव्हता, हे मुद्दाम लिहितो, कारण लोक विचारतात.

तू गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी आमच्या शीतपेटीपाशी गेलो. तुझं रक्त अजून तिथे आहे, तुझ्याच संमतीने, पुढच्या संशोधनासाठी. कुठली कुपी तुझी ते मला माहीत नाही. माझ्या पेढ्यांनंतर त्या यादीची किल्ली मॅडम स्वतःकडे ठेवतात. म्हणून मी सगळ्याच कुप्यांकडे बघत उभा राहिलो. गारवा पायांवर सांडत होता. सगळं गाव तुला पोचवायला निघालं असेल, आणि इथे तुझा थोडासा भाग राहिलाय, हट्टाने, कामावर. मला एकदम हसू आलं आणि दार किती वेळ उघडं आहे याचं भान गेलं. शेवटी धोक्याची घंटा वाजायला लागली, साऱ्या मजल्यावर पळापळ झाली, आणि मॅडमनी येऊन दार लावलं.

परवा तुझ्या बाराव्याला आलो होतो. जेवणं झाल्यावर आबा, रामा, सगळे ओसरीवर बसले, आणि विषय निघाला की यंदा पहिला ठोका कुणाचा. तुझी मुलगी म्हणाली, मी देते. कुणी हरकत घेण्याआधी रामा म्हणाला, ढोल मी घालीन तिच्या गळ्यात. आबांनी मान हलवली. मला भरून आलं. मी जरा नम्रपणे म्हटलं की ठोक्यानंतर ढोल घ्यायला मी नेहमीसारखा येईनच. सगुणला वेळेवर थांबवायचं काम इतकी वर्षं माझ्याकडे होतं, ते माझं भाग्य समजतो.

शेवंतीवहिनी ताटं उचलत होत्या. त्या थांबल्या.

"तुमी खंय थांबवलात, डॉक्टर? तुमचो ढोल आयकलो की तेंची वाजवची हौसच जाय."